मनाची जागल



मार्च महिना लागला की आपल्या पुसदच्या घराघरांतील हवा बदलते. भोवतालच्या डोंगरांवरील सागाची पाने गळून गेलेली असतात, पळस तेवढा फुललेला असतो. विहिरींचे पाणी खाली जाऊ लागते. बँकांची मार्चअखेर जवळ येते. दहावी-बारावीची मुले पहाटे दिवा लावून बसतात आणि त्यांच्यापेक्षा त्यांचे आईवडील अधिक घाबरलेले असतात. कुणाच्या घरी लेकीचे लग्न ठरलेले असते आणि कापूस मात्र अपेक्षेपेक्षा कमी भावात विकला गेलेला असतो. नेमक्या याच दिवसांत आपला उपवासकाळ येतो. उपवास, प्रार्थना व दानधर्म या तीन गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आज त्यांतील प्रार्थनेच्या अंगाने एका अगदी व्यवहाराच्या विषयावर आपण विचार करू या. ताणाच्या दिवसांत मन कसे सांभाळावे, हा तो विषय.

याची सुरुवात आमच्या एका चुकीपासून करतो. काही दिवसांपूर्वी आम्ही एका घरी भेटीला गेलो होतो. घरचा कर्ता पुरुष ओट्यावर बसला होता. भिंतीवरील कॅलेंडरच्या मागे बँकेची नोटीस खोचलेली होती. बराच वेळ तो काही बोललाच नाही. मग एकदम म्हणाला, ''फादर, राती दोनले डोया उघडते अन् मंग हिशोब सुरू होते. सकाळलोक संपत नाही.'' आम्ही काय म्हणावे? आम्ही म्हणालो, ''देवावर भरवसा ठेवा, सगळे ठीक होईल.'' वाक्य खोटे नव्हते, पण ते आम्ही फार लवकर बोललो. त्याच्या चेहऱ्यावरचे दार बंद झाले, हे आम्हांला दिसले. तेवढ्यात आतून त्याची म्हातारी आई तांब्या घेऊन आली. लेकाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, ''आंधी पानी पे, मंग बोल.'' तो पाणी प्यायला, त्याने एक लांब श्वास सोडला आणि मग खरोखरच बोलू लागला. परत येताना वाटेत आम्हांला सारखे वाटत होते की आज प्रवचन त्या माउलीने केले, आम्ही नव्हे.

१९ मार्चचे दोन अर्थ

येत्या १९ मार्चला ख्रिस्तसभा संत योसेफचा सण साजरा करते. पवित्र मरियेचा पती, येशूचा पालक, कष्टकऱ्यांचा आश्रयदाता आणि चांगल्या मरणासाठी ज्याची मध्यस्थी मागतात असा हा संत. मात्र आपल्या भागात या तारखेला दुसराही एक अर्थ आहे. १९ मार्च १९८६ रोजी आपल्या शेजारच्या महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे, त्यांची पत्नी मालती व त्यांची चार मुले यांच्या जीवनाचा वर्धा जिल्ह्यात दुःखद अंत झाला. महाराष्ट्रातील पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून ती घटना ओळखली जाते. किसानपुत्र आंदोलनाच्या हाकेवरून २०१७ पासून अनेक लोक या दिवशी अन्नत्याग करून त्या कुटुंबाचे व त्यानंतर गेलेल्या सर्वांचे स्मरण करतात. ज्या पुसद तालुक्यातील गहुलीने वसंतराव नाईकांसारखा मुख्यमंत्री राज्याला दिला आणि ज्यांची १ जुलै ही जन्मतारीख महाराष्ट्रात कृषी दिन म्हणून पाळली जाते, त्याच मातीच्या शेजारी हे घडावे, ही मनाला चटका लावणारी गोष्ट आहे.

जे गेले त्यांचा न्याय करण्याचा अधिकार आपल्याला नाही. एखादे मन किती दिवसांपासून दुखत होते हे परमेश्वरालाच ठाऊक. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅथॉलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथातही स्पष्ट सांगितले आहे की तीव्र मानसिक यातनांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, आणि अशा रीतीने गेलेल्यांच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये. ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते. तेव्हा कोणाच्या घरी असे दुःख झाले असेल तर त्या घराकडे बोट दाखवू नका, त्या घराचा उंबरठा ओलांडून आत जा.

आधी भाकर, मग प्रवचन

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. आज आपण ज्या साध्यासोप्या साधना पाहणार आहोत त्यांनी कर्ज फिटत नाही, पावसाचा खंड भरून निघत नाही आणि मालाला भाव मिळत नाही. पोट भरलेल्या माणसाने उपाशी माणसाला श्वास मोजायला सांगू नये. योग्य भाव, वेळेवर पीककर्ज, सावकारीपासून सुटका ही न्यायाची कामे आहेत आणि ती न्यायानेच व्हायला हवीत. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. तरीही त्यानंतरच्या वर्षांत दुःख थांबले नाही, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. मन शांत ठेवणे म्हणजे अन्याय मुकाट्याने सोसणे नव्हे. उलट, ज्याचे मन जाग्यावर आहे तोच नीट अर्ज करू शकतो, नीट भांडू शकतो आणि उद्याचा दिवस पाहू शकतो.

पवित्र शास्त्रात एलिया संदेष्ट्याची कथा आहे. (राजांचा पहिला ग्रंथ, अध्याय १९.) एवढा धैर्याचा पुरुष, पण राणीच्या धमकीने तो रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि मला मरण येऊ दे अशी त्याने देवाकडे विनवणी केली. देवाने त्याला रागे भरले का? नाही. तुझा विश्वास कमी आहे, असे म्हटले का? तेही नाही. एलिया झोपी गेला. देवदूताने त्याला हलवून उठवले, तर उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाण्याचे भांडे होते. तो खाऊनपिऊन पुन्हा झोपला. देवदूताने पुन्हा एकदा उठवून खाऊ घातले, कारण पुढची वाट लांबची होती. वादळ, भूकंप आणि अग्नी यांच्यानंतर आलेला देवाचा तो मंद स्वर एलियाला पुढे होरेब डोंगरावर ऐकू आला, पण त्याआधी पाणी, भाकर आणि झोप झाली होती. त्या घरच्या म्हातारीने बायबल फारसे वाचलेले नसेल, पण देवदूताचे काम तिला नेमके ठाऊक होते.

तेराव्या शतकातील महान तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या मोठ्या ग्रंथात दुःखावरील उपाय सांगितले आहेत. ते आम्ही सेमिनरीत प्रथम वाचले तेव्हा आम्हांला हसूच आले होते. मन रमेल असे काही करणे, रडून घेणे, मित्रांची सहानुभूती, सत्याचे चिंतन आणि शेवटी झोप व आंघोळ! एवढ्या मोठ्या विचारवंताने आंघोळीचे नाव घ्यावे? आज मात्र आम्हांला त्यांच्या शहाणपणाची खात्री पटली आहे. माणूस म्हणजे शरीर व आत्मा यांची एकत्र घडण. शरीर कोलमडले की आत्म्यालाही ऐकू येत नाही.

जागल म्हणजे काय?

पीक उभे असताना रात्री शेतात जागलीला जावे लागते. रानडुकरे येतात, रोही येतात. जागल करणारा माणूस रात्रभर लढत नसतो. तो मचाणावर बसतो, शेकोटी पेटवतो, कान उघडे ठेवतो. चाहूल लागली की आवाज देतो. शेजारच्या शेतातून त्याला प्रतिसाद मिळतो. एवढ्यानेच बरेचसे पीक वाचते. तो जागा आहे, हेच मुळी संरक्षण असते.

मनाचेही असेच आहे. विचार येणे आपल्या हातात नाही. रोही कुणाला विचारून येत नाहीत. पण विचार आला आहे हे ओळखणे आपल्या हातात आहे. पूर्वेकडील ख्रिस्ती संन्याशांनी या मनाच्या पहाऱ्याला 'नेप्सिस' म्हणजे जागरूकता असे नाव दिले होते. आज जगभर याला सजगता म्हणतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली रुग्णांचा ताण हलका करण्यासाठी असा अभ्यासक्रम सुरू केला, त्यानंतर डॉक्टरांचेही लक्ष याकडे गेले. आपल्या महाराष्ट्रात तर इगतपुरीच्या विपश्यना केंद्राचे नाव सर्वांना माहीत आहे.

काही जण विचारतात, ''फादर, हे आपल्या धर्मात बसते का?'' प्रश्न योग्य आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली सांगितले की इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही. १९८९ साली रोमहून ख्रिस्ती ध्यानाविषयी आलेल्या पत्रात एक सावधगिरीही सुचवली आहे: शांत बसणे, श्वासाकडे लक्ष देणे या गोष्टी प्रार्थनेला साहाय्य करू शकतात, परंतु त्यांनाच प्रार्थना समजू नये. आपले ध्यान म्हणजे रिकामे होऊन बसणे नाही. ती कुणाची तरी वाट पाहणे आहे, प्रभूच्या सहवासात जागे राहणे आहे.

मराठीत 'ताण' हा शब्द किती बोलका आहे! दोरी दोन्हीकडून ओढली की ताण येतो. संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मकथनात काळाविषयी विचार करताना म्हटले आहे की भूतकाळ आपल्यात आठवण म्हणून असतो, भविष्यकाळ अपेक्षा म्हणून असतो आणि वर्तमान असतो तो आपल्या लक्ष देण्यात. मन या दोहोंकडे ताणले जाते. गेल्या हंगामाचा पश्चात्ताप एकीकडे ओढतो, पुढच्या हप्त्याची भीती दुसरीकडे ओढते. दोरी सैल करण्याचा मार्ग एकच: लक्ष आताच्या क्षणाकडे आणणे. कारण देवाची कृपा आपल्याला आजच मिळते. उद्याची उद्या मिळेल.

पाच साध्या साधना

१. श्वासाची प्रार्थना. संत इग्नेशियस यांनी आपल्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात प्रार्थनेच्या तीन पद्धती दिल्या आहेत. त्यांतील तिसरी अशी: एका श्वासाला प्रभूच्या प्रार्थनेतील एकच शब्द मनात घ्यावा आणि दुसरा श्वास येईपर्यंत त्याच शब्दावर राहावे. पिता, राज्य, इच्छा, भाकर, क्षमा... असे सावकाश. रात्री दोनला जाग आली तर उठून बसा. पाय जमिनीला टेकवा. श्वास सहज आत घ्या आणि सोडताना थोडा अधिक वेळ लावून सोडा. श्वास सावकाश सोडला की हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, ही देवाने शरीरात केलेली सोय आहे. लक्ष पुन्हा हिशोबाकडे जाईल. जाऊ द्या. रागावू नका, पुढच्या शब्दावर परत या. शंभरदा गेले तर शंभरदा परत आणा. ते परत आणणे हीच साधना आहे. ज्यांना शब्दही जड वाटतो त्यांनी केवळ येशूचे नाव घ्यावे.

२. योसेफच्या हवाली चिठ्ठी. दिवंगत पोप फ्रान्सिस यांच्या टेबलावर झोपलेल्या संत योसेफची मूर्ती असे. एखादी अडचण आली की ते ती कागदावर लिहून त्या मूर्तीखाली ठेवत. २०१५ साली फिलिपाइन्समध्ये कुटुंबांशी बोलताना त्यांनी स्वतःच हे सांगितले. आपणही उशाशी एक कागद आणि पेन्सिल ठेवू या. मनात फिरणारा आकडा, नाव, तारीख जे असेल ते लिहावे, कागद घडी करून संत योसेफच्या चित्रामागे ठेवावा आणि मनाशी म्हणावे की हे मी सकाळी उजेडात पाहीन. सकाळी तो कागद खरोखर उघडावा. त्याचे दोन भाग करावेत: आज माझ्या हातून काय होण्यासारखे आहे, आणि काय माझ्या हातात नाही. पहिल्या भागातील एकच काम त्या दिवशी करावे. प्रत्येक दिवसाला त्याचे त्याचे दुःख पुरे आहे, हे प्रभूने डोंगरावरील प्रवचनात शिकवले ते याचसाठी.

३. तीन वेळा थांबणे. देवदूताच्या निरोपाची प्रार्थना आपले आजी-आजोबा सकाळी, दुपारी व संध्याकाळी न चुकता करत. हातातले काम थांबे, डोक्यावरचा रुमाल उतरे. ही सवय पुन्हा सुरू करू या. प्रार्थना झाल्यावर अर्धा मिनिट आपल्याच शरीराकडे पाहावे. खांदे वर चढले आहेत का? दात घट्ट आवळले आहेत का? मुठी वळल्या आहेत का? सैल करा. मग मनात जे आहे त्याला नाव द्या. मात्र 'मी संपलो' असे नाव देऊ नका. 'मला या क्षणी भीती वाटते आहे' असे म्हणा. या दोन वाक्यांत फार अंतर आहे. बेचाळिसाव्या स्तोत्राचा कर्ता स्वतःच्याच जिवाला विचारतो की तू का खचलास. ज्याला असे विचारता येते तो पूर्णपणे खचलेला नसतो; त्याच्यातील कुणीतरी अजून मचाणावर जागा असतो.

४. हातातील कामाचे भान. सतराव्या शतकात पॅरिसमधील कार्मेल मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक साधे बंधू होते. त्यांचे काम स्वयंपाकघरातले. भांड्यांच्या गडबडीतही आपण देवाच्या सान्निध्यात राहू शकतो, हे त्यांनी जगून दाखवले. आपणही दिवसातील एक काम निवडावे: भांडी घासणे, गोठा झाडणे, भाकर थापणे, दुकान उघडणे. ते करताना मोबाइल दूर ठेवावा आणि मन त्याच कामात ठेवावे. पाण्याचा गारवा, पिठाचा वास, झाडूचा आवाज. जेवताना पहिले तीन घास कुणाशी न बोलता, टीव्ही बंद करून, चव घेत खावेत. ज्याने भाकर मोडून स्वतःला आपल्याला दिले, त्या प्रभूचे शिष्य आपण. आपल्या घरची भाकर आपण न पाहताच गिळून टाकावी, हे बरे नव्हे.

५. रात्रीची उजळणी. झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुरेत. तीन प्रश्न विचारावेत. आज मला काय मिळाले? आज मी कुठे चुकलो किंवा कुठे दुखावलो? उद्या मला कोणती एक कृपा हवी? पहिल्या प्रश्नाला 'काहीच नाही' असे उत्तर देऊ नका. परीक्षेला बसलेल्या मुलाने नीट झोप घेतली, गाय व्याली, कुणी चहाला बोलावले... लहान गोष्ट चालेल, पण खरी हवी. घरात मुले असतील तर हे त्यांच्यासोबत मोठ्याने करावे. आईवडिलांनाही भीती वाटते आणि तरी ते प्रार्थना करतात, हे मुलांना कळू द्या. गुणपत्रिकेपेक्षा हा धडा त्यांना अधिक काळ पुरेल.

अंधारात निर्णय नको

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. संत इग्नेशियस यांनी लिहिले आहे की मन उदास व काळोखात असताना आधी केलेला निश्चय बदलू नये, नवा मोठा निर्णय घेऊ नये. हा नियम त्यांनी आरामखुर्चीत बसून लिहिलेला नाही. १५२२ साली स्पेनमधील मान्रेसा गावी राहत असताना त्यांच्या मनाची अशी अवस्था झाली होती की जीव देण्याचे विचार त्यांना पुन्हा पुन्हा छळत होते. हे त्यांनी स्वतःच आपल्या आत्मकथनात सांगून ठेवले आहे. ते दिवस गेले. तोच माणूस पुढे हजारो लोकांचा मार्गदर्शक झाला. असे विचार येणे हे पापाचे किंवा दुबळेपणाचे लक्षण आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी मान्रेसाच्या त्या खोलीतील संताची आठवण करावी.

संत योसेफकडेही पाहा. शुभवर्तमानात त्याचा एकही शब्द नोंदलेला नाही. पण ताण काय असतो हे त्याला पुरते ठाऊक होते. मरियेला गुपचूप सोडून देण्याचे त्याने ठरवले होते. त्याने ठरवले आणि तो झोपला. त्या झोपेत देवाने त्याच्याशी संवाद केला आणि सकाळी उठल्यावर त्याचा निर्णय बदललेला होता. योसेफ रात्रीच उठून चालता झाला असता तर? काळोखात अटळ वाटणारी वाट सकाळच्या उजेडात अटळ राहत नाही. म्हणून मनाच्या काळोखात एकच निर्णय घ्यावा: सकाळपर्यंत थांबायचे, आणि एकट्याने थांबायचे नाही.

एकट्याने का नाही? कारण प्रभूही एकटा थांबला नाही. गेथशेमाने बागेत त्याचा जीव मरणाएवढा व्याकूळ झाला होता. तेव्हा त्याने पेत्र, याकोब व योहान यांना सोबत नेले आणि आपल्याबरोबर जागे राहण्यास सांगितले. देवाच्या पुत्राने मित्रांकडे सोबत मागितली, मग आपल्याला मागायला लाज का वाटावी? त्या रात्री तिघेही मित्र झोपी गेले. आज ती चूक आपल्याकडून होऊ नये.

म्हणून जागलीतील हाक विसरू नका. मन फार जड झाले, झोप व भूक कित्येक दिवस गेली, कशातच अर्थ वाटेनासा झाला किंवा जीव नकोसा झाला तर घरच्या माणसाला उठवा, शेजाऱ्याला हाक मारा, आमच्या दारावर थाप द्या. रात्रीचे किती वाजले आहेत हे पाहू नका. शासनाची 'टेली मानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवला की दिवसरात्र केव्हाही, मराठीत, विनामूल्य बोलता येते. जिवाला तत्काळ धोका वाटला तर ११२ वर फोन करावा. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांकडे जाता येते. ताप आला तर आपण डॉक्टरांकडे जातो आणि प्रार्थनाही करतो. मनाच्या आजाराचेही तसेच आहे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या ध्यान सुरू केले म्हणून बंद करू नयेत. पोलिसांच्या भीतीने कोणी गप्प राहू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही अशा माणसाला शिक्षा नव्हे, तर उपचार व आधार मिळावा अशीच भूमिका घेतली आहे.

आणि ज्यांच्या घरात कुणी असे खचलेले आहे त्यांना एक विनंती. त्याला सरळ, प्रेमाने विचारा की तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो का. विचारल्याने विचार वाढत नाही. मनावरचे ओझे हलके होते. त्याला एकटे सोडू नका. फवारणीचे औषध घरात ठेवू नका. कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. आमच्यासारखी घाईची वाक्ये बोलू नका. आधी पाण्याचा तांब्या पुढे करा.

या आठवड्यासाठी

पाचही साधना एकदम सुरू करू नका. एक निवडा आणि उपवासकाळ संपेपर्यंत ती रोज करा. पहिले चार-पाच दिवस काहीच घडत नाही असे वाटेल. पेरल्याच्या दुसऱ्या दिवशी कोणी माती उकरून पाहत नाही. वादळात नावेच्या मागच्या भागात उशीवर झोपलेला येशू आठवा. वादळ खरे होते, लाटा आत येत होत्या, तरी पित्यावरील विश्वासाने तो निजला होता. तो त्याच नावेत होता, हे शिष्यांना नंतर उमगले.

संत योसेफच्या सणाच्या दिवशी मिस्सा संपल्यावर आपण लगेच घरी जाणार नाही. पंधरा मिनिटे चर्चमध्ये शांत बसू या. साहेबराव व मालती करपे, त्यांची मुले आणि आपल्या जिल्ह्यातून असेच निघून गेलेले सर्व जण यांच्यासाठी प्रत्येक श्वासाबरोबर प्रार्थना करू या. त्या दिवशी एक वेळचे जेवण ज्यांना सोडता येईल त्यांनी सोडावे आणि तो शिधा अडचणीतील एखाद्या घरी, कुठल्याही धर्माच्या घरी, स्वतः नेऊन द्यावा. केवळ पिशवी ठेवून परत फिरू नका. थोडा वेळ बसा. ऐका.

आम्हीही त्या घरी पुन्हा जाऊन आलो. या वेळी फारसे बोललो नाही. ओट्यावर त्याच्या शेजारी बसलो, म्हातारीने दिलेले पाणी प्यालो. बऱ्याच वेळाने तो म्हणाला की नोटीस कॅलेंडरमागून काढून त्याने भावाला दाखवली आणि दोघे मिळून बँकेत जाणार आहेत. झोप अजून दोनलाच मोडते. पण आता जाग आली की तो आईला हाक मारतो, आणि ती पलीकडच्या खोलीतून 'ओ' देते.

बंधुभगिनींनो, एकाने हाक मारावी आणि दुसऱ्याने 'ओ' द्यावी, एवढी जागल आपल्या धर्मग्रामाने आपापसांत केली तर हा उपवासकाळ खऱ्या अर्थाने फळाला येईल. जो इस्राएलाचा राखणदार आहे आणि ज्याला कधी डुलकीही लागत नाही, तो प्रभू परमेश्वर आपणां सर्वांच्या घरांवर व मनांवर जागता पहारा ठेवो. आमेन.

प्रभूच्या सेवेत आपला,
धर्मगुरू